मागची दोन चाकं : घरच्या झीरो-टर्न मोअरविषयी

मंडळाच्या या व्याख्यानांत आजवर संतसाहित्य झालं, शेअर बाजार झाला, गुडघेदुखी झाली. आज गवत कापायचं यंत्र आहे. (हशा) हसा, हरकत नाही. पण इथे नॉर्थ कॅरोलिनात कॅरी-एपेक्सच्या पाव एकराच्या घरांतून आपली बरीच माणसं मोकळ्या जागेसाठी चॅथम काउंटीकडे सरकली आहेत. घर घेतल्यावर पहिल्याच एप्रिलमध्ये मला फोन येतो : "काका, झीरो-टर्न कोणता घेऊ?" मी नोकरीची बरीच वर्षं हायड्रॉलिक्समध्ये काढली, म्हणून हा प्रश्न माझ्या वाट्याला येतो. त्यावर माझा उलटा प्रश्न ठरलेला आहे : "तुझ्या जागेला उतार किती आहे?" बहुतेकांना सांगता येत नाही. डेक किती इंची हवा, इंजिन किती हॉर्सपॉवरचं हवं, हे मात्र सगळं तोंडपाठ असतं.

उताराचा प्रश्न पहिला का, हे समजायला हे यंत्र चालतं कसं ते बघावं लागेल.

आपल्या गाडीला स्टिअरिंग असतं, पुढची चाकं वळतात. नेहमीचा लॉन ट्रॅक्टरही तसाच. झीरो-टर्नची पुढची चाकं म्हणजे ऑफिसच्या खुर्चीला असतात तसली कॅस्टर. ती कुणाचं ऐकत नाहीत, जिकडे ढकलाल तिकडे फिरतात. वळवायचं काम मागची चाकं करतात. डाव्या दांड्याला डावं चाक, उजव्याला उजवं. दोन्ही सारखे पुढे ढकलले की सरळ जातं. एक जास्त, एक कमी केला की वळतं. एक पुढे आणि एक मागे केला की जागच्या जागी गर्रकन फिरतं, म्हणून नाव झीरो-टर्न. ज्यांनी लहानपणी औत बघितलंय त्यांना हे लगेच कळेल. बांधापाशी औत वळवताना आतला बैल थांबवतात आणि बाहेरचा चालवतात, तसंच हे. कॅन्सस राज्यात 1960च्या दशकात जॉन रेगियर नावाच्या माणसाने बनवलेल्या यंत्रापासून आजच्या झीरो-टर्नचा वंश धरतात. हस्टलर हे नाव त्यातूनच पुढे आलं.

आता नीट लक्ष द्या. चालवणं, वळवणं आणि थांबवणं, ही तिन्ही कामं मागच्या दोन चाकांकडे आहेत. पायाखाली ब्रेकचं पॅडल नाही (पार्किंग ब्रेक असतो, तो उभं करून ठेवण्यासाठी). दांडे मधोमध आणले की चाकं थांबतात, तोच ब्रेक. म्हणजे मागची चाकं घसरली तर एका क्षणात तुमचं इंजिन, स्टिअरिंग आणि ब्रेक तिन्ही गेले. ट्रॅक्टरची मागची चाकं घसरली तरी पुढची चाकं थोडंफार ऐकतात. इथे पुढे ऐकणारं कुणी नाही. उलट ती कॅस्टर उताराकडे वळतात आणि यंत्राचं नाक खाली ओढतात.

मी स्वतः हे शिकलो ते इथल्या वसाहतींमागे पावसाच्या पाण्यासाठी तळी असतात ना, त्यातल्या एकाच्या काठावर. मे महिना, सकाळचे आठ, गवतावर दव. मी तळ्याच्या उतारावर आडवा कापत चाललो होतो आणि मागचं खालचं चाक सुटलं. मी घाबरून दोन्ही दांडे मागे ओढले. म्हणजे मागची चाकं गरागरा उलटी फिरायला लागली, गवत सोलून निघालं आणि यंत्र तसंच खाली घसरत राहिलं. पाण्याच्या आठ-नऊ फूट अलीकडे जमीन जरा सपाट आहे, तिथे थांबलं. यात माझं कौशल्य शून्य. बायको डेकवरून बघत होती. (लाकडी डेक, मोअरचा नव्हे.) ती काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

तेव्हा मॅन्युअल उघडलं. घरात ते तीन वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीतच होतं. त्यात स्पष्ट लिहिलंय : चाकांची पकड सुटली तर पाती बंद करा आणि सावकाश, सरळ उताराच्या दिशेने खाली उतरा. दांडे हिसकायचे नाहीत. बहुतेक कंपन्या उताराची मर्यादा 10 ते 15 अंश देतात, तुमच्या मॉडेलला जी असेल ती मानायची. उतारावर उभं-आडवं कसं कापायचं याबद्दलही आपापल्या मॅन्युअलचंच ऐका, कारण यंत्रागणिक सूचना वेगळ्या असतात.

अंश मोजायचे कसे? पाच-सहा फुटांची सरळ फळी गवतावर उताराच्या दिशेने ठेवा, वर फोन ठेवा, फोनमधलं लेव्हलचं ॲप अंश दाखवतं. आकड्यावर विश्वास बसत नसेल तर असं समजा : दहा फूट आडवं जाताना जमीन 1 फूट 9 इंच चढली तर 10 अंश, 2 फूट 8 इंच चढली तर 15 अंश. डोळ्यांना 15 अंश फारसे वाटत नाहीत, खुर्चीत बसल्यावर वाटतात. आणि ही मर्यादा कोरड्या, घट्ट जमिनीची समजा. आपली इथली तांबडी माती पावसानंतर साबणासारखी होते. मागे गवताच्या पिशव्या लावल्या तर वजन मागे जातं, पुढचा भाग हलका होतो, मग चढावर नाक उचललं जायची भीती. तळं, ओढा, दगडी कठडा यांच्या अगदी कडेची पट्टी मी आता यंत्राने कापतच नाही. यंत्राच्या दोन रुंदीइतकी जागा सोडतो आणि ती स्ट्रिंग ट्रिमरने किंवा ढकलायच्या मोअरने उरकतो. वीस मिनिटं जास्त लागतात.

यंत्राला उलटं पडल्यावर वाचवणारी कमान असेल, म्हणजे रोल बार, तर ती उभी ठेवून पट्टा बांधायचा. फांद्या लागतात म्हणून कमान खाली पाडली असेल तर पट्टा बांधायचा नाही, कारण मग यंत्रासकट आपण खाली दबतो. कमान आणि पट्टा ही जोडी आहे, निम्मी वापरायची नाही. आणि जागेचा मोठा भाग मर्यादेच्या वर असेल तर झीरो-टर्न घेऊच नका. स्टिअरिंग असलेले, पुढची चाकंही वळवणारे झीरो-टर्न निघालेत, ते उतारावर बरे. पण त्यांनाही मर्यादा आहेच.

मग दुसरा प्रश्न : तुम्हाला हे यंत्र लागतं का? एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट, आपले चाळीस गुंठे. पण अर्ध्या एकराच्या प्लॉटमधून घर, ड्राइव्हवे, झाडी वजा केली तर गवत साधारण 15,000 चौरस फूट उरतं. हिशोब सोपा आहे. डेकची इंचातली रुंदी गुणिले ताशी मैल, भागिले 99, म्हणजे तासाला किती एकर ते मिळतं. वळणं आणि पट्ट्यांची सरमिसळ धरून त्यातले 80 टक्के धरा. 21 इंची ढकलायचा मोअर अडीच मैलांच्या चालीने हे गवत पन्नासेक मिनिटांत कापतो. 42 इंची झीरो-टर्न पाच मैलांनी बारा मिनिटांत. वाचली अडतीस मिनिटं. त्यासाठी साधारण तीन हजार डॉलर, गॅरेजमधली एका छोट्या गाडीएवढी जागा, आणि आठवड्याचा एकुलता एक व्यायाम गेला. माझं मत विचाराल तर अर्ध्या एकराला स्वतःहून चालणारा पुश मोअर पुरे. एकराच्या पुढे मात्र झीरो-टर्नला तोड नाही, विशेषतः झाडं आणि वाफे बरेच असतील तर.

डेक किती इंची? एकरभराला 42, दीड-दोन एकराला 48 ते 54. पण त्याआधी मागच्या अंगणाच्या कुंपणाचं फाटक मोजा. गवत फेकणारी पन्हाळी, तो बाजूचा चूट, धरून यंत्र डेकपेक्षा बरंच रुंद असतं. आमच्या ओळखीत एकाने 54 इंची आणला आणि फाटक निघालं 48चं. आता पुढचं अंगण झीरो-टर्नने आणि मागचं जुन्या पुश मोअरने, असा संसार चालू आहे. (हशा)

डेकचा पत्रा बघा. पत्र्याचा गेज जितका लहान तितका पत्रा जाड, हे आपल्याकडच्या भांड्यांच्या दुकानात शिकलोच आहोत. 10 गेज साधारण 3.4 मिलिमीटर, 13 गेज 2.3. दाबून काढलेला एकसंध डेक हलका असतो आणि त्यात हवा छान खेळते. पत्रे कापून जोडलेला जाड डेक दगड-मुळं सोसतो. आपल्या हिरवळीवर दगड नसतील तर 13 गेजने काही बिघडत नाही. इंजिनाबद्दल मी फार बोलणार नाही. नावाजलेल्या कंपनीचं दोन सिलिंडरचं इंजिन असलं की घरच्या कामाला ते आपल्यापेक्षा जास्त टिकतं.

मी जिथे पैसे घालतो ती जागा मात्र सीटखाली, दिसत नाही अशी आहे : मागच्या चाकांचे हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन. प्रत्येक चाकाला एक, म्हणजे दोन. आत एक पंप असतो, त्यात छोटे पिस्टन, आणि ते एका तिरक्या तबकडीवर टेकलेले. तुम्ही दांडा ढकलता तेव्हा त्या तबकडीचा कल बदलतो. कल जास्त म्हणजे तेल जास्त, चाक वेगात. कल उलटा, चाक उलटं. तबकडी सपाट म्हणजे तेल जागच्या जागी कोंडलं, चाक थांबलं. मघाशी म्हटलं तो ब्रेक तो हाच. सगळा खेळ तेलाच्या दाबाचा आहे, आणि तेल गरम झालं की पातळ होतं, फटींतून निसटतं, दाब पडतो. म्हणून जुनं यंत्र सुरुवातीला छान चालतं आणि अर्ध्या तासाने चढावर कुंथायला लागतं.

इथल्या बऱ्याच ब्रँडच्या यंत्रांत हे ट्रान्समिशन इलिनॉयमधल्या हायड्रो-गिअर कंपनीचंच असतं. बाहेरचा रंग वेगळा, आत तेच. त्यांचं ईझेडटी हे मॉडेल स्वस्त यंत्रांत येतं. त्याला बाहेरून बदलता येणारा फिल्टर नाही, घरमालकाने त्याचं तेल बदलावं अशी रचनाच नाही. झेडटी-2800 आणि 3100 हे वरचे, त्यांना फिल्टर आहे, तेल बदलता येतं. सपाट एकरभर जागेला ईझेडटी वर्षानुवर्षं चालतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण दीड-दोन एकर आणि चढउतार असेल तर दोन यंत्रांतला हॉर्सपॉवरचा फरक विसरा आणि ट्रान्समिशनचं मॉडेल विचारा. दुकानातल्या माणसाला सांगता आलं नाही तर दुसरं दुकान बघा, कारण ज्याला हे माहीत नाही तो पुढे दुरुस्ती काय करणार.

देखभालीकडे येऊ. मॅन्युअलमधले तास बघून घरची माणसं फसतात. वरच्या ट्रान्समिशनचं तेल पहिल्यांदा साधारण 75 ते 100 तासांनी आणि नंतर दर 400 तासांनी बदला म्हणतात. दीड एकराला आठवड्याचं पाऊण तास, वर्षात अठ्ठावीसेक वेळा. म्हणजे वर्षाचे वीस-एकवीस तास. 400 तास व्हायला तुमचा आज पहिलीतला मुलगा नोकरीला लागेल! घरचं यंत्र कामाने झिजत नाही, ते नोव्हेंबर ते मार्च गॅरेजमध्ये उभं राहून बिघडतं. म्हणून तासांपेक्षा कॅलेंडर बघा. तास भरोत न भरोत, इंजिन ऑईल वर्षातून एकदा. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते हिवाळाभर टाकीत ठेवायचं असेल तर स्टॅबिलायझर घालून दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं. पंपावर स्वस्त मिळतं म्हणून 15 टक्केवालं यात घालू नका. बॅटरीला हिवाळ्यात छोटा चार्जर लावून ठेवा.

ट्रान्समिशनचं तेल हायड्रो-गिअरवाले 20डब्ल्यू-50 सांगतात. बदलल्यावर आत हवा अडकते, तिला बाहेर काढावं लागतं. मागची चाकं टेकूवर उचलायची, बायपासचा खटका उघडायचा, इंजिन चालू करून दांडे पाच-सहा वेळा सावकाश पुढे-मागे करायचे. मग खटका बंद करून पुन्हा तेच. बरेच जण हे टाळतात आणि मग "तेल बदललं तेव्हापासून आवाज येतो" म्हणतात. तोच बायपास बंद पडलेलं यंत्र हाताने ढकलण्यासाठी असतो. तो उघडला की चाकं मोकळी, म्हणजे ब्रेकही नाही, हे लक्षात ठेवून उतारावर कधीही उघडू नका.

ट्रान्समिशनच्या डोक्यावर छोटे पंखे असतात. दर दोन-तीन खेपांनी तिथलं वाळलं गवत ब्लोअरने उडवा. हे एवढं एक काम जरी केलंत तरी माझं आजचं बोलणं वसूल. पंख्यात गवत भरलं की तेल तापतं, मग चढ चढत नाही, मग माणूस म्हणतो यंत्र गेलं. कापताना इंजिन पूर्ण वेगावर ठेवा. पेट्रोल वाचवायला अर्ध्यावर चालवलं की पंखेही अर्ध्यावर फिरतात आणि पातीही नीट कापत नाहीत. सावकाश जायचं असेल तर दांडे कमी ढकला.

टायरमधली हवा ही फुकटची देखभाल आहे. मागच्या दोन टायरांत फरक पडला तर यंत्र एका बाजूला ओढतं आणि गवतही एका बाजूला खोल कापलं जातं. लोक मग डेकचे नट फिरवत बसतात. आधी हवा सारखी करा, मग सपाट फरशीवर उभं करून पात्यांची टोकं जमिनीपासून मोजा. डावं-उजवं सारखं, अष्टमांश इंचाच्या आत. पुढचं टोक मागच्यापेक्षा अष्टमांश ते पाव इंच खाली, म्हणजे पातं तेच गवत दोनदा घासत नाही.

पात्यांना वीस-पंचवीस तासांनी धार. म्हणजे घरच्या वापराला हंगामात एकदा, फार तर दोनदा. कापलेल्या गवताची टोकं दुसऱ्या दिवशी पांढुरकी, फाटलेली दिसली तर धार गेली समजा. काढताना प्लगच्या वायरी काढून ठेवा, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या यंत्राखाली हात घालू नका. धार लावलेलं पातं खिळ्यावर मधोमध अडकवून बघा. एक बाजू खाली गेली तर तिथलं आणखी घासा. तोल बिघडलेलं पातं स्पिंडलचं बेअरिंग खातं. या पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला 19,000 फुटांपर्यंत असू शकतो, तशी इथल्या सुरक्षा-मानकाची वरची मर्यादा आहे. म्हणजे ताशी 216 मैल. गवतात पडलेला गोल्फचा चेंडू किंवा खडा त्या वेगाने बाहेर येतो, म्हणून चूटचं झाकण वर बांधून ठेवणं हा मूर्खपणा आहे.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायची आहे. भारतातून आजोबा-आजी सहा महिन्यांसाठी येतात. नातू मोअरकडे बघून हट्ट करतो, आजोबा म्हणतात, घे रे मांडीवर, एक चक्कर. कृपा करून नको. एकदा चक्कर मारलेल्या मुलाला तो आवाज म्हणजे खेळाचं बोलावणं वाटतं. पुढच्या शनिवारी ते मागून धावत येतं, आणि झीरो-टर्न मागे न्यायला फक्त मनगट ओढावं लागतं, गिअर टाकावा लागत नाही. कानाला मफ लावलेले असतात, काही ऐकू येत नाही. इथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना बसून चालवायच्या मोअरसाठी किमान वय 16 सांगते. लहान मुलं घरात, कुणा मोठ्याच्या नजरेखाली, आणि मागे जाण्याआधी खाली आणि मागे बघायचं. सीटखालचा स्विच, माणूस उठला की पाती बंद करणारा, तो तार जोडून निकामी करणारे व्हिडिओ आहेत. ते बघूही नका.

वळताना एक चाक पूर्ण थांबवून गर्रकन फिरलात तर ते चाक गवत मुळासकट पिळून काढतं. हिरवळीवर दिसणारे अर्धगोल तपकिरी डाग त्याचेच. दोन्ही चाकं फिरत राहतील असं, थोडं मागे घेत, तीन टप्प्यांत वळा. औताचा बैलही जागेवर पिळला जात नाही.

प्रश्न घेऊ या.

"बॅटरीवरचा घ्यावा का?" एकरभर सपाट जागा असेल तर जरूर. त्यात प्रत्येक चाकाला विजेची मोटर असते, ऑईल, पेट्रोल, फिल्टर काहीच नाही, आणि शेजाऱ्याची झोपही शाबूत. पण उताराचा नियम तोच, कारण चाकं तीच दोन. आणि काही वर्षांनी बॅटरी बदलायची वेळ येईल, तिची किंमत आजच विचारून ठेवा.

"जुना घ्यायचा असेल तर काय बघू?" विकणाऱ्याला आधी सांगा, मी आल्याशिवाय चालू करू नका. थंड इंजिनावर हात ठेवून बघा, खरंच थंड आहे ना. मग वीस-पंचवीस मिनिटं गवत कापा, लाजू नका, त्याचंच अंगण आहे. तेल चांगलं तापलं की मर्यादेतला जो चढ असेल त्यावर न्या. दोन्ही चाकं सारखी ओढतात का, एक मागे पडतं का, ते बघा. सपाटीवर दोन्ही दांडे पूर्ण पुढे ठेवून सरळ जातं का ते बघा, पण त्याआधी टायरची हवा तपासा, नाहीतर भलताच निष्कर्ष निघेल. यंत्र उचलून डेकच्या खालून पत्रा कुठे गंजून गेलाय का ते टॉर्च मारून बघायचं, आणि स्पिंडल हाताने हलवून खेळ आहे का ते. मागच्या वर्षी आपल्यातल्या एकाबरोबर मी असाच बघायला गेलो होतो. विकणारा म्हणाला, आत्ताच कापून ठेवलंय, गवतच नाही. आम्ही म्हटलं, हरकत नाही, पुढच्या शनिवारी वाढलं की येतो.